शस्त्रक्रियेआधीचा नकाशा : फुफ्फुसाचा कर्करोग आणि लसिकाग्रंथी

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



ज्या घरात फुफ्फुसाच्या कर्करोगाचे निदान होते, त्या घरातून डॉक्टरांना पहिली विनंती बहुधा एकच असते : ‘गाठ आहे ना, मग ती लवकरात लवकर काढून टाका.’ ही विनंती अगदी स्वाभाविक आहे. परंतु डॉक्टर लगेच शस्त्रक्रियेची तारीख देत नाहीत. सीटी स्कॅन झालेला असतो, तरी ते पेट स्कॅन सांगतात. तो झाला की घशातून दुर्बीण उतरवून छातीच्या मध्यभागातील ग्रंथींचा अंश तपासणीस पाठवतात. कधी मेंदूचा एमआरआयही करावयास सांगतात. यात आठवडा जातो, पंधरवडा जातो. घरातील वडीलधारी मंडळी अस्वस्थ होतात. रोग आत वाढतो आहे आणि डॉक्टर नुसते कागद गोळा करीत आहेत, असे त्यांना वाटू लागते. काही कुटुंबे याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात आणि ‘उद्याच शस्त्रक्रिया करू’ असे जो सांगेल त्याच्याकडे जातात.

आजच्या व्याख्यानाचा विषय हाच पंधरवडा आहे. या काळात डॉक्टर नेमके काय शोधत असतात आणि त्या शोधावर रुग्णाचे भवितव्य इतके का अवलंबून असते, हे सर्वसामान्य कुटुंबाला उमगले तर बरीचशी घालमेल टळेल आणि काही चुकीचे निर्णयही टळतील.

प्रारंभी इतिहासातील एक प्रसंग पाहू. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात ५ एप्रिल १९३३ रोजी डॉ. एव्हार्ट्स ग्रॅहम यांनी डॉ. जेम्स गिलमोर या रुग्णाचे संपूर्ण डावे फुफ्फुस एकाच शस्त्रक्रियेत काढले. गिलमोर स्वतः पिट्सबर्गचे स्त्रीरोगतज्ज्ञ होते आणि त्यांचे वय ४८ वर्षांचे होते. कर्करोगासाठी संपूर्ण फुफ्फुस एकाच वेळी काढून रुग्ण वाचल्याची ही पहिली घटना होय. गिलमोर त्यानंतर सुमारे ३० वर्षे जगले. पुढे १९५० साली याच ग्रॅहम यांनी अर्न्स्ट विंडर या तरुण सहकाऱ्यासमवेत ६८४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध करून सिगारेट आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवून दिला. ग्रॅहम स्वतः अनेक वर्षे सिगारेट ओढत असत. पुराव्यापुढे मान तुकवून त्यांनी ती सोडली, पण तोवर उशीर झाला होता. १९५७ साली त्यांना फुफ्फुसाचाच कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो दोन्ही फुफ्फुसांत पसरलेला होता. जी शस्त्रक्रिया त्यांनी जगाला दिली, तिचा त्यांना स्वतःला उपयोग नव्हता. त्याच वर्षी मार्च महिन्यात ते निवर्तले. त्यांचा रुग्ण त्यांच्यानंतरही काही वर्षे हयात होता.

कर्करोगाच्या जातीजातींत फरक असतो हे खरेच. तरीही या प्रसंगातून एक गोष्ट स्पष्ट होते. रोग सापडला तेव्हा तो कोठवर पोहोचला होता, यावर फार मोठा भाग ठरतो. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात कितीही कुशल असला, तरी सुरीच्या कक्षेबाहेर गेलेल्या रोगाला तो हात पोहोचत नाही. म्हणून सुरी हाती घेण्यापूर्वी रोगाचा ठावठिकाणा काढावा लागतो, आणि तो काढण्याची मुख्य जागा म्हणजे लसिकाग्रंथी.

लसिकाग्रंथी म्हणजे काय, हे प्रत्येकाने कधी ना कधी अनुभवलेले असते. पायाला जखम होऊन ती चिघळली की जांघेत दुखरी गाठ येते. जुनी माणसे तिला अवधाण म्हणतात. जखम पायाला आणि गाठ जांघेत, असे का होते? शरीरात रक्तवाहिन्यांखेरीज आणखी एक सूक्ष्म जाळे असते. पेशींच्या भोवती पाझरलेला पातळ द्रव गोळा करून तो पुन्हा रक्तात आणून सोडणे, हे त्या जाळ्याचे काम. त्या द्रवाला लसिका म्हणतात. वाटेत ठिकठिकाणी घेवड्याच्या दाण्याच्या आकाराच्या ग्रंथी असतात. रस्त्यावरील तपासणी नाक्याप्रमाणे त्या येणारा द्रव गाळतात, जंतू अडवतात आणि प्रतिकार उभा करतात. त्या धडपडीत त्या सुजतात.

कर्करोगाच्या पेशीही हीच वाट धरतात. फुफ्फुसातील मूळ गाठीतून सुटलेल्या पेशी लसिकेबरोबर वाहत जवळच्या नाक्यावर येतात, तेथे अडकतात आणि वाढू लागतात. तेथून पुढच्या नाक्यावर, आणि शेवटी लसिका जेथे रक्ताला मिळते तेथून साऱ्या शरीरात. म्हणून कोणत्या नाक्यापर्यंत कर्करोग पोहोचला आहे हे कळले, तर त्याने किती वाटचाल केली आहे याचा अंदाज येतो.

उजव्या फुफ्फुसाचे तीन खंड असतात आणि डाव्याचे दोन. प्रत्येक खंडाच्या लसिकेचा ओघ साधारण ठरलेला असतो. उजव्या वरच्या खंडातील लसिका बहुधा श्वासनलिकेच्या उजव्या कडेच्या ग्रंथींकडे जाते. डाव्या वरच्या खंडातील लसिका बहुधा महारोहिणीच्या कमानीजवळच्या ग्रंथींकडे वळते. खालच्या खंडांचा ओघ श्वासनलिका जेथे दुभागते, त्या दुबेळक्याखालच्या ग्रंथींकडे असतो. तरीही पाण्याप्रमाणे लसिकाही कधी आडवाट घेते. काही रुग्णांत जवळचा नाका पूर्ण स्वच्छ असतो आणि पुढच्याच नाक्यावर कर्करोग सापडतो. डाव्या फुफ्फुसाचा रोग कधी उजव्या बाजूच्या ग्रंथींतही जातो. म्हणूनच जवळची एकदोन ठिकाणे पाहून भागत नाही.

या ग्रंथींचा पद्धतशीर नकाशा तयार करण्याचे श्रेय जपानच्या डॉ. त्सुगुओ नारुके यांच्याकडे जाते. टोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग केंद्रातील शस्त्रक्रियांत ग्रंथी कोणत्या जागेवरून काढली याची काटेकोर नोंद ठेवून त्यांनी प्रत्येक जागेला क्रमांक दिला. त्यांचा १९७८ सालचा निबंध या विषयातील पायाचा दगड मानला जातो. पुढे अमेरिकेतील डॉ. क्लिफ्टन माउंटन आणि डॉ. कॅरोलिन ड्रेस्लर यांनी १९९७ साली सुधारित नकाशा मांडला. जपानचा नकाशा आणि अमेरिकेचा नकाशा यांत तफावत असल्याने एकाच रुग्णाची अवस्था दोन देशांत वेगळी ठरू शकत होती. आंतरराष्ट्रीय फुफ्फुस-कर्करोग अभ्यास संस्थेने २००९ साली दोहोंचा मेळ घातला. तेव्हापासून १ ते १४ क्रमांकांची ठाणी सर्वत्र एकाच अर्थाने वापरली जातात.

या चौदा ठाण्यांतून डॉक्टर चार अक्षरी निष्कर्ष काढतात, आणि अहवालात तोच लिहिलेला असतो. कोणत्याही ग्रंथीत कर्करोग नसेल तर ‘एन-शून्य’. फुफ्फुसाच्या आत किंवा त्याच्या देठापाशी, म्हणजे १० ते १४ क्रमांकांच्या ठाण्यांत, त्याच बाजूला असेल तर ‘एन-एक’. दोन फुफ्फुसांमधील मध्यभागात त्याच बाजूला, किंवा श्वासनलिकेच्या दुबेळक्याखाली असेल तर ‘एन-दोन’. विरुद्ध बाजूला किंवा गळपट्टीच्या हाडावरील ग्रंथींत असेल तर ‘एन-तीन’. मूळ गाठीचा आकार व शिरकाव सांगणारे ‘टी’, दूरच्या अवयवांतील प्रसार सांगणारे ‘एम’ आणि हे ‘एन’ मिळून रोगाची अवस्था, म्हणजेच स्टेज, ठरते. ही टीएनएम पद्धत मुळात फ्रान्सच्या डॉ. पिएर दनवा यांनी १९४३ ते १९५२ या काळात घडवली.

या चार निष्कर्षांमध्ये किती अंतर आहे? फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या वर्गीकरणाच्या आठव्या आवृत्तीसाठी १६ देशांतील ९४,७०८ रुग्णांच्या नोंदी अभ्यासल्या गेल्या. हे रुग्ण १९९९ ते २०१० या काळातील होते. शस्त्रक्रियेत काढलेल्या ग्रंथी तपासून ज्यांची अवस्था ठरली, त्यांच्यापैकी पाच वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण ‘एन-शून्य’मध्ये शेकडा ७५, ‘एन-एक’मध्ये ४९, ‘एन-दोन’मध्ये ३६ आणि ‘एन-तीन’मध्ये २० होते. आकडे समूहाचे असतात. एका व्यक्तीचे भविष्य ते सांगत नाहीत. शिवाय त्यानंतर नवी औषधे आली आहेत. तरीही काही मिलिमीटरच्या ग्रंथीत दडलेली माहिती किती मोलाची आहे, हे या आकड्यांवरून ध्यानात यावे.

आता साहजिक प्रश्न येतो : सीटी स्कॅनमध्ये ग्रंथी दिसतात, मग आणखी तपासण्या कशासाठी? सीटी स्कॅनमध्ये दिसतो तो ग्रंथीचा आकार. आखूड बाजूने एक सेंटिमीटरहून मोठी ग्रंथी संशयित मानतात. पण मोठी ग्रंथी नुसत्या सुजेनेही मोठी झालेली असू शकते, आणि लहान दिसणाऱ्या ग्रंथीतही कर्करोग दबा धरून बसलेला असू शकतो. पेट स्कॅन यापुढचे पाऊल आहे. किंचित किरणोत्सर्गी केलेली साखर शिरेतून दिली की जेथे पेशींची खटपट जास्त, तेथे ती साखर अधिक ओढली जाते आणि ती जागा चित्रात उजळते. भारतात पेट स्कॅनरचा प्रारंभ २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये झाला.

येथे भारतीय रुग्णांच्या दृष्टीने एक अत्यंत महत्त्वाची गोष्ट सांगणे आवश्यक आहे. पेट स्कॅनमध्ये क्षयरोगाच्या ग्रंथीही उजळतात. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या भारतात छातीतील सुजलेल्या, उजळलेल्या ग्रंथी क्षयाच्या किंवा जुन्या दाहाच्या असू शकतात. अशा वेळी केवळ चित्रावर विसंबून ‘ग्रंथींत पसरला आहे, शस्त्रक्रियेचा उपयोग नाही’ असे ठरवले, तर बरा होऊ शकणारा रुग्ण शस्त्रक्रियेला मुकतो. याउलट, कर्करोग असूनही ‘या क्षयाच्याच गाठी असतील’ असे धरून महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालू राहिली, तर हातची वेळ निघून जाते. दोन्ही चुका टाळण्याचा खात्रीचा मार्ग एकच, तो म्हणजे संशयित ग्रंथीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे.

हा अंश मिळवण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला जुना आणि भरवशाचा. स्वीडनचे डॉ. एरिक कार्लेन्स यांनी १९५९ साली तो वर्णिला. भूल देऊन गळ्याच्या खळगीत लहानसा छेद घेतात आणि तेथून नळी उतरवून श्वासनलिकेभोवतीच्या ग्रंथींचे तुकडे काढतात. त्याला मीडियास्टिनोस्कोपी म्हणतात. दुसरा मार्ग एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी रूढ झाला. श्वासनलिकेत उतरवायच्या दुर्बिणीच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र बसवलेले असते. नलिकेच्या भिंतीपलीकडची ग्रंथी पडद्यावर पाहत पाहत डॉक्टर तीत बारीक सुई खुपसून पेशी घेतात. याचे संक्षिप्त नाव ईबस. यात बाहेरून छेद नसतो आणि बहुतेक रुग्ण त्याच दिवशी घरी जातात. सुईचा अहवाल ‘कर्करोग नाही’ असा आला, पण संशय दाट असला, तर डॉक्टर कधी मीडियास्टिनोस्कोपीही सुचवतात. त्यामागे हेच कारण असते की सुईला कर्करोग न मिळणे म्हणजे ग्रंथीत तो नाहीच, असे नव्हे.

या तपासणीवर उपचारांची सारी दिशा बदलते. ग्रंथी स्वच्छ असतील आणि रुग्णाचा श्वास व हृदय सक्षम असेल, तर शस्त्रक्रिया हा पहिला उपचार ठरतो. मध्यभागातील ग्रंथीत रोग असेल, तर बहुधा आधी औषधे आणि मग शस्त्रक्रिया, किंवा औषधे व किरणोपचार असा क्रम लागतो. विरुद्ध बाजूच्या ग्रंथींत रोग पोहोचला असेल, तर छाती उघडून रुग्णाला वेदना देण्यात सहसा काही साध्य होत नाही. ज्या शस्त्रक्रियेचा लाभ नाही तिच्यापासून रुग्णाला वाचवणे, हाही उपचारच होय.

शस्त्रक्रियेच्या दिवशीही ग्रंथींचे काम संपत नाही. मूळ गाठीचा खंड काढताना शल्यविशारद ठरावीक ठाण्यांतील ग्रंथी काढतो, प्रत्येक ठाण्याच्या ग्रंथी वेगळ्या बाटलीत, क्रमांक घालून पाठवतो. अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सच्या कर्करोग आयोगाच्या निकषानुसार मध्यभागातील किमान तीन निरनिराळ्या ठाण्यांतील आणि फुफ्फुसाच्या देठाकडील किमान एका ठाण्यातील ग्रंथी तपासल्या गेल्या पाहिजेत. ग्रंथी पुरेशा काढल्या नाहीत, तरी अहवालात ‘एन-शून्य’ लिहिता येते, पण ते शून्य पोकळ असते. न शोधल्यामुळे न सापडलेला रोग पुढे पुन्हा डोके वर काढतो आणि दरम्यान जी औषधे द्यायला हवी होती, ती दिलेली नसतात.

मग दिसेल ती प्रत्येक ग्रंथी खरडून काढावी काय? याचाही शास्त्रीय शोध घेतला गेला आहे. उत्तर अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात, ज्याचा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला, सुरुवातीच्या अवस्थेतील एक हजाराहून अधिक रुग्णांची तुलना केली गेली. सर्व ठाण्यांतील नमुने नीट तपासून ते स्वच्छ आढळल्यावर उरलेल्या ग्रंथीही समूळ काढल्याने आयुर्मानात फरक पडला नाही. नमुने घेणे मात्र दोन्ही गटांत कसोशीने झाले होते, हे विसरता कामा नये.

ग्रंथींच्या काटेकोर तपासणीने शस्त्रक्रिया लहान करण्याचीही वाट मोकळी केली. दोन सेंटिमीटर किंवा त्याहून लहान गाठींसाठी पूर्ण खंड काढावा की त्याचा भागच पुरे, यावर जपानमधील १,१०६ रुग्णांचा अभ्यास २०२२ साली आणि मुख्यतः अमेरिकेतील ६९७ रुग्णांचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. निवडक रुग्णांत कमी भाग काढूनही आयुष्य कमी झाले नाही. अमेरिकेतील अभ्यासात तर शस्त्रक्रिया चालू असतानाच ग्रंथी तपासून त्या स्वच्छ असल्याची खात्री केल्यावरच रुग्णाला सामील केले जात असे. ग्रंथींनी हमी दिली, म्हणून फुफ्फुस राखता आले.

आता ज्यांच्या अहवालात ‘ग्रंथींत आढळला’ असे लिहून येते, त्यांच्याविषयी. हे शब्द ऐकताच घरात सुतकी कळा पसरते. काही नातेवाईक रुग्णापासून ते लपवतात, काही उपचारच थांबवू पाहतात. परंतु हा शेवटचा शब्द समजू नये. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ३५८ रुग्णांच्या अभ्यासात शस्त्रक्रियेआधी केमोथेरपीसोबत प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध दिले, तेव्हा शेकडा २४ रुग्णांच्या काढलेल्या गाठीत व ग्रंथींत जिवंत कर्करोग उरलाच नव्हता. नुसत्या केमोथेरपीने हे प्रमाण शेकडा २.२ होते. ज्यांच्या गाठीत ईजीएफआर नावाचा जनुकीय बदल असतो, त्यांना शस्त्रक्रियेनंतर रोज घ्यावयाच्या गोळीचा लाभ होतो. दुसऱ्या व तिसऱ्या अवस्थेतील अशा रुग्णांपैकी पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण गोळी घेणाऱ्यांत शेकडा ८५ आणि न घेणाऱ्यांत ७३ असल्याचे २०२३ साली जाहीर झाले. हा बदल पाश्चात्त्यांपेक्षा भारतीय रुग्णांत अधिक आढळतो. वर्गीकरणाची नववी आवृत्ती २०२५ पासून अमलात आली. तीत मध्यभागातील एकाच ठाण्यात रोग असणे आणि अनेक ठाण्यांत असणे हे दोन वेगळे गट केले गेले. मूळ गाठ लहान असेल आणि मध्यभागातील एकच ठाणे बाधित असेल, तर पूर्वी तिसरी ठरणारी अवस्था तीत दुसरी ठरते.

‘घरात विडी-सिगारेटचा वाराही नाही, मग हा रोग कसा होईल?’ असेही पुष्कळदा विचारले जाते. तंबाखूचा धूर हे सर्वांत मोठे कारण आहे, यात शंका नाही. तथापि भारतात ज्यांनी कधीही धूम्रपान केले नाही अशा स्त्री-पुरुषांतही हा रोग लक्षणीय प्रमाणात आढळतो. तीन आठवड्यांहून अधिक टिकणारा खोकला, थुंकीत रक्त, कारण नसता घटणारे वजन, बसलेला आवाज, ही लक्षणे निर्व्यसनी माणसानेही दुर्लक्षू नयेत. थुंकीत क्षयाचे जंतू न सापडताही क्षयाची औषधे चालू असतील आणि महिना-दीड महिन्यात उतार नसेल, तर पुढील तपासणीचा आग्रह धरावा.

शेवटी, रुग्णासोबत दवाखान्यात जाणाऱ्या जबाबदार व्यक्तीने चार प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. मध्यभागातील ग्रंथींची तपासणी चित्रावरून झाली की अंश काढून? शस्त्रक्रिया झाली असल्यास कोणत्या क्रमांकाच्या ठाण्यांतील ग्रंथी काढल्या, आणि त्यांपैकी किती बाधित होत्या? गाठीची जनुकीय तपासणी झाली का? आणि उपचारांचा निर्णय शल्यविशारद, औषधोपचारतज्ज्ञ व किरणोपचारतज्ज्ञ यांनी एकत्र बसून घेतला का? हे प्रश्न नम्रपणे विचारल्यास कोणताही चांगला डॉक्टर रागावत नाही, उलट त्याला समाधानच वाटते. सर्व अहवाल, स्कॅनच्या सीडी आणि बायोप्सीचे ठोकळे जपून ठेवावेत. दुसरे मत घ्यायचे झाल्यास तेच कामी येतात.

तात्पर्य, निदान आणि शस्त्रक्रिया यांच्यामधला तो पंधरवडा वाया गेलेला नसतो. रेंगाळू मात्र देऊ नये. तपासण्यांच्या तारखा लागोपाठ घ्याव्यात आणि अहवाल वेळेवर आणावेत. त्या दिवसांत घरच्यांनी रुग्णाजवळ बसावे, त्याचा धीर टिकवावा, त्याचा श्वासाचा व्यायाम आणि आहार सांभाळावा. नकाशा हाती आला की वाट शल्यविशारदाला दिसते, आणि ती वाट कोठे जाते हे रुग्णालाही समजते.